६० हजारांत गेमिंग पीसी: आधी कोटेशनमधले पूर्ण मॉडेल नंबर मागा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही बार्शीला राहता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि घरून ६० हजार रुपये एकदाच मिळणार आहेत. गावातल्या दुकानदाराने ४२ हजारांचं कोटेशन दिलंय: आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), आरजीबी म्हणजे रंगीत दिव्यांचं कॅबिनेट. तुम्ही स्वतः व्हिडिओ बघून केलेली यादी ७४ हजारांवर गेलीय आणि तिच्यात आय५ आहे. ‘आय७ स्वस्तात मिळतोय तर आय५ला जास्त पैसे का घालू?’ असं विचारलंत. सध्या व्हॅलोरंट खेळता, जीटीए ५ आणि सायबरपंक खेळायचेत, कॉलेजसाठी ऑटोकॅड लागतं. काकांकडचा साडेअठरा इंची जुना मॉनिटर आहे आणि वीज सारखी येते-जाते.

मी असेंब्ली आणि दुरुस्ती दोन्ही करतो, त्यामुळे नव्या मशिनइतकीच मेलेली मशिनं बघतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचा प्रश्न आय५ की आय७ हा नाहीच. पहिल्या कोटेशनमध्ये एकाही भागाचं पूर्ण नाव लिहिलेलं नाही, अडचण तिथे आहे. सहा ओळी आहेत आणि सहाही ओळींत दुकानदाराला हवी ती वस्तू बसवता येते. बजेट मोठं असेल तर अशी मोघम यादी फार तर दोन-चार हजारांना चावते. ६० हजारांत ती अख्खं मशिन खाते.

आय७चंच घ्या. हे नाव इंटेल २००८पासून वापरतेय. ४२ हजारांच्या पॅकेजमध्ये जो आय७ बसतो तो बहुतेक वेळा २६०० किंवा ३७७० असतो, म्हणजे २०११-१२चा माल. मोठ्या ऑफिसांमधून निघालेल्या मशिनांतले हे प्रोसेसर ठोक भावात येतात आणि नव्या खोक्यातल्या एच६१ मदरबोर्डावर (सगळे भाग ज्याच्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) चढवून विकले जातात. बोर्ड नवा दिसतो, पण त्याचा चिपसेट, म्हणजे त्यावरची मुख्य नियंत्रक चिप, २०११चा असतो. आय७-३७७०ला ४ कोअर (एकाच वेळी काम करणारे मेंदू), ८ थ्रेड (कामाच्या समांतर रांगा) आहेत. २०२२मध्ये आलेल्या साध्या आय३-१२१००एफलाही ४ कोअर, ८ थ्रेडच आहेत, पण त्याच्या एकेका कोअरचा वेग दुपटीच्या आसपास आहे. गेमला तो एका कोअरचा वेगच जास्त लागतो. त्यातून ३७७०मध्ये एव्हीएक्स२ नावाचा सूचनासंच नाही, आणि काही नवे गेम त्याच्याशिवाय सुरूच होत नाहीत.

आता तुमच्या व्हॅलोरंटचं. विंडोज १०चा मोफत सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. जुन्या मशिनवर जुगाड करून विंडोज ११ चढवता येतं, दुकानदार चढवूनही देईल. पण विंडोज ११वर व्हॅलोरंट स्वतःच टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशिन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) तपासतं आणि ते नसेल तर खेळू देत नाही. म्हणजे जो गेम तुम्ही रोज खेळता तोच अडणार.

ग्राफिक्स कार्डाची ओळ तर आणखी मजेशीर आहे. ‘४ जीबी कार्ड’ म्हणजे जीटी ७३०सुद्धा असू शकतं आणि जीटीएक्स १६५०सुद्धा. जीटी ७३० हे २०१४चं कार्ड. त्याच्या डीडीआर३वाल्या ६४ बिट आवृत्तीची मेमरी सेकंदाला जेमतेम १४ जीबी डेटा हलवते. आरएक्स ६६००ची मेमरी २२४ जीबी हलवते. टाकी केवढी आहे हे कोटेशनवर ठळक लिहिलंय, नळ किती बारीक आहे ते लिहिलेलं नाही. गेम खेळताना नळच महत्त्वाचा. म्हणून जीबी विचारू नका, कार्डाचं पूर्ण नाव विचारा.

‘पूर्ण नाव’ म्हणतोय ते उगाच नाही, कारण कंपन्याही यात कमी नाहीत. आरटीएक्स ३०५० नावाने ८ जीबीचं कार्ड मिळतं आणि ६ जीबीचंही. नुसती मेमरी कमी असती तर ठीक, पण ६ जीबीवाल्याची चिपही कापलेली आहे, २५६० ऐवजी २३०४ कोअर. (त्याचा एक फायदा आहे. ते ७० वॅटवर चालतं आणि त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही. ऑफिसचा जुना ब्रँडेड डबा असेल तर त्यात घालायला बरं.) आरटीएक्स ३०६०चंही तेच. १२ जीबीचं कार्ड १९२ बिटचं, ८ जीबीचं १२८ बिटचं, म्हणजे नळ बारीक, नाव मात्र एकच. सेकंड हँड बाजारात आरएक्स ५८० घ्यायला गेलात तर ‘२०४८ एसपी’ असं शेपूट लावलेलं कार्ड हातात येतं. ते प्रत्यक्षात ५७०च्या ताकदीचं असतं. इंटेलच्या नावामागचं ‘एफ’ म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडलं तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. बजेटमध्ये मी एफच घेतो, पण माहीत असून घेतो.

म्हणून उद्या दुकानात जाऊन एवढंच म्हणा: ‘काका, प्रत्येक वस्तूची कंपनी आणि मॉडेल नंबर लिहून द्या, बिलावर सिरियल नंबर टाकून मिळतील ना?’ चांगला दुकानदार लगेच लिहून देतो. जो ‘अहो, एकदम भारी माल आहे, तुम्ही काळजीच करू नका’ म्हणतो, त्याच्याकडून फार तर पेन ड्राइव्ह घ्या.

आता ६० हजार कुठे घालायचे ते बघू. यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून मी काय गृहीत धरतोय ते आधी सांगतो. पहिलं, पुढची चार वर्षं मोठा खर्च होणार नाही. दुसरं, मुख्य काम गेमिंग आहे. ऑटोकॅडमध्ये कॉलेजचं टू-डी ड्रॉइंग असेल तर त्याला कार्डाचं विशेष काही पडलेलं नसतं, त्यालाही एका कोअरचा वेगच लागतो. पण पुढे ब्लेंडरमध्ये रेंडरिंग करायचं असेल किंवा मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट घेणार असाल तर आत्ताच सांगा, कारण तिथे एनव्हिडियाच्या कार्डांवरचं कुडा नावाचं सॉफ्टवेअर चालतं आणि माझा कार्डाचा सल्ला बदलेल. तिसरं, खेळायचंय फुल एचडीवर. या आकड्यावर बाकी सगळं ठरतं. फुल एचडीच्या चित्रात साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीमध्ये ३६.९ लाख, फोरकेमध्ये ८२.९ लाख. दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राला, कार्डाला तेवढे पिक्सेल रंगवायचे असतात. ६० हजारांत फुल एचडी हेच आपलं घर, त्याच्यापलीकडे बघू नका.

मॉनिटरचं मी उलट सांगणार आहे. बरेच जण म्हणतात मॉनिटर आधी घ्या, तो दहा वर्षं टिकतो. खरं आहे. पण तुमच्याकडे काकांचा मॉनिटर आहे. साडेअठरा इंची म्हणजे बहुधा १३६६ बाय ७६८चा, फुल एचडीच्या निम्म्या पिक्सेलांचा. दिसायला काही खास नाही, पण चालतो. पैसे एकदाच मिळणार असतील तर ते मशिनमध्ये घाला. मॉनिटर दिवाळीला किंवा पहिल्या इंटर्नशिपच्या पैशातून वेगळा घेता येतो आणि त्याने आधीच्या खरेदीतलं काही वाया जात नाही. उलट केलंत, मॉनिटर भारी आणि कार्ड हलकं, तर पुढे कार्ड बदलावं लागेल आणि जुन्याचे निम्मेही येणार नाहीत. एक अडचण आहे. काकांच्या मॉनिटरला फक्त व्हीजीए (जुन्या पद्धतीचं निळं सॉकेट) असेल आणि आजच्या कार्डांवर व्हीजीए नसतं. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्या. नुसती दोन टोकांची केबल नव्हे, चिप असलेला कन्व्हर्टर हवा.

माझ्या हिशेबात वरच्या मर्यादा अशा: कार्ड २२ हजार, प्रोसेसर १० हजार, मदरबोर्ड ७ हजार, रॅम आणि एसएसडी मिळून १२ हजार, एसएमपीएस साडेचार हजार, कॅबिनेट ३ हजार. झाले साडेअठ्ठावन्न. उरलेल्या दीड हजारात कीबोर्ड-माउस आणि तो कन्व्हर्टर. हे बाजारभाव नाहीत. एकेका भागाला यापेक्षा जास्त द्यायचं नाही, अशी ही कुंपणं आहेत. भाव दर आठवड्याला हलतात.

कार्डापासून सुरुवात करा, कारण बाकी सगळं त्याच्याभोवती बसतं. २२ हजारांच्या आत माझी पहिली पसंती एएमडी आरएक्स ६६००. कार्ड २०२१चं आहे, नवं नाही. ८ जीबी मेमरी, १३२ वॅट. व्हॅलोरंटला ते गरजेपेक्षा जास्तच आहे, जीटीए ५ आरामात, सायबरपंक हाय-मीडियम मिसळलेल्या सेटिंगवर, रे ट्रेसिंग (खऱ्यासारख्या प्रकाश-सावल्या) बंद ठेवून, ६० फ्रेमच्या आसपास. काही नवे गेम अल्ट्रा टेक्स्चरवर ८ जीबी भरून टाकतात, तिथे टेक्स्चर एक पायरी खाली आणायचं. फरक डोळ्यांना फारसा दिसत नाही, अडखळणं मात्र थांबतं. त्याच भावात आरटीएक्स ३०५० मिळत असेल तर ते घेऊ नका, नुसत्या गेमिंगमध्ये ६६०० बरंच पुढे आहे. आरएक्स ६५०० एक्सटी कोणी स्वस्तात देत असेल तर त्यालाही हात लावू नका. कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या पीसीआयई रस्त्याच्या ते चारच लेन वापरतं आणि जुन्या ३.० बोर्डावर अक्षरशः गुदमरतं. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबीचं आहे, कागदावर फार छान. पण त्याला रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असलेला बोर्ड लागतो आणि मधल्या दर्जाच्या प्रोसेसरबरोबर काही गेममध्ये ते मागे पडतं. आपल्या बजेटमधला प्रोसेसर नेमका तसाच आहे.

तुम्ही ओघात लिहिलंय की ‘पुढे जीटीए ६ पण चाललं पाहिजे’. तो गेम जाहीर झाला तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. पीसीवर येईल तेव्हा त्याच्या गरजा बघू. न आलेल्या गेमसाठी आज पाच हजार जास्त घालणं मला पटत नाही.

प्रोसेसर रायझन ५ ५६००. ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅट, कूलर खोक्यातच येतो आणि तो पुरतो. इथेही शेपटाकडे लक्ष ठेवा. ५६००, ५६००जी आणि ५५०० हे तिघे भाऊ वाटतात, पण ५६००मध्ये ३२ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे, इतर दोघांत १६. गेममध्ये कॅशेचा फरक जाणवतो. शिवाय त्या दोघांत पीसीआयई ३.०च आहे. ५६००जीमध्ये आतच ग्राफिक्स आहे. ज्यांचं बजेट ३५-४० हजारच आहे त्यांना मी तोच देतो, कार्ड नंतर घाला म्हणतो. तुमच्याकडे कार्डाचे पैसे आहेत, तेव्हा साधा ५६००. तो एएम४ सॉकेटवर बसतो, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या जुन्या पद्धतीच्या खाचेत.

‘पण एएम४ सॉकेट मेलंय ना, एएम५ घ्या म्हणतात सगळे.’ हो, म्हणतात. एएम५ २०२२मध्ये आलं, पुढचे प्रोसेसर त्याच्यावरच येताहेत, आणि ७५ हजार असते तर मीही तेच सांगितलं असतं. पण एएम५ला डीडीआर५ रॅमच लागते, बोर्डही महाग. तो फरक भरायला पैसे कुठून येणार? कार्डातून. म्हणजे चार वर्षांनी कदाचित प्रोसेसर बदलता यावा म्हणून पहिल्या दिवसापासून कमी फ्रेमवर खेळायचं. माझ्याकडे येणाऱ्या बजेटवाल्या गिऱ्हाइकांपैकी त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर चढवणारे फार थोडे असतात. बहुतेक जण रॅम वाढवतात, एसएसडी घालतात, कार्ड बदलतात, आणि प्रोसेसर बदलायची वेळ येते तेव्हा बोर्डासकट बदलतात. तुमचं वेगळं असू शकेल, पण मी बहुतेकांवरून सांगतो.

बोर्डासाठी बी५५० चिपसेट बघा, मायक्रो-एटीएक्स, चार रॅम स्लॉटवाला मिळाला तर उत्तम. त्यावर कार्डाला पीसीआयई ४.० मिळतं. ए५२० आणि बी४५०वर ३.०. आरएक्स ६६०० आठ लेन वापरतं, त्यामुळे ३.०वर फार काही बिघडत नाही, थोडेच टक्के जातात. पैसे कमी पडले तर ए५२० चालेल. दुकानात जुना पडून असलेला बी४५० बोर्ड देत असतील तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून द्या म्हणावं, नाहीतर ५६०० लावल्यावर मशिन सुरूच होणार नाही आणि तुम्हाला वाटेल प्रोसेसर मेलेला आला.

आता रॅम. हीच सध्या सगळ्यांचा हिशेब मोडतेय. २०२५च्या शेवटाकडे मेमरीचे भाव भडकले, कारण एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी बनवणं कंपन्यांना जास्त फायद्याचं झालं. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे वर्षभरापूर्वीच्या व्हिडिओतला रॅमचा भाव डोक्यात ठेवून दुकानात जाऊ नका, उगाच भांडण होईल. तुम्हाला हवी ८-८ जीबीची जोडी, डीडीआर४, ३२०० मेगाहर्ट्‌झ. एकच १६ जीबीची पट्टी नको. दोन पट्ट्यांनी दोन वाहिन्या उघडतात आणि गेममध्ये त्याचा स्पष्ट फायदा दिसतो. भाव झेपतच नसेल तर सेकंड हँड रॅम घ्या. अख्ख्या पीसीमध्ये जुनी घ्यायला सगळ्यात निर्धोक वस्तू रॅम आहे, एकतर ती चालते नाहीतर नाही. घेतल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) चालवा, एकही एरर आली तर परत.

एसएसडी ५०० जीबीची घ्या, पण एनव्हीएमई (वेगवान जोडणीची) आणि नावाजलेल्या कंपनीची. एम.२ आकाराची प्रत्येक एसएसडी एनव्हीएमई नसते. काही आतून जुन्या, हळू साटा जोडणीच्याच असतात, सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या पुढे जात नाहीत, तर जनरेशन ३ची एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत जाते. खरं सांगायचं तर गेममध्ये हा फरक आकड्यांइतका दिसत नाही. मला काळजी वेगळीच आहे. अनोळखी स्टिकरची १ टीबी एसएसडी वर्षभरात एके दिवशी बायोसमध्ये दिसेनाशी होते, आणि तुमचं सबमिशन तिच्यात असतं. एक टीबी नंतर वाढवता येते, बोर्डावर जागा असते.

आता एसएमपीएस. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या टेबलावर दुरुस्तीला येणारी बरीच मशिनं इथूनच मेलेली असतात.

‘५०० वॅट’ हे स्टिकरवरचं चित्र समजा. एसएमपीएस हातात घ्या आणि बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. त्याला १२ने गुणा. बाराशे-पंधराशे रुपयांच्या डब्यावर तिथे १८ अँपिअर दिसले तर तो २१६ वॅटचा सप्लाय झाला, वर ५०० लिहिलेलं असो की ७००. आता तुमची गरज बघा. कार्ड १३२ वॅट, ५६०० पूर्ण ताण असताना ७६ वॅटपर्यंत, म्हणजे २०८ झालेच. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून आणखी ४०-५०. आणि कार्ड क्षणभरासाठी या आकड्याच्या बरंच वर उडी मारतं. २१६ वॅटचा डबा तिथे एकतर बंद पडेल किंवा सुरक्षेची सर्किटं नसतील तर जाताना कार्डही घेऊन जाईल. एएमडी स्वतः आरएक्स ६६००साठी किमान ४५० वॅट सांगते. मी ५५० वॅट घ्यायला सांगतो, १२ व्होल्टला साधारण ४० अँपिअर, ८० प्लस ब्राँझ, ५ वर्षांची वॉरंटी असलेला. ब्राँझ हे प्रमाणपत्र वीज किती वाया जाते एवढंच सांगतं, आतला माल कसा आहे ते नाही. वॉरंटीची वर्षं मात्र बरंच सांगून जातात. कार्डाची ८ पिनची केबल थेट सप्लायमधून आलेली हवी, मोलेक्सला (जुन्या चार पिनच्या कनेक्टरला) जोडलेलं अडॅप्टर चालणार नाही.

आणि तुमच्या घरातलं अर्थिंग. हे कुणी विचारत नाही. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनला मागे वायरच नसते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात ना, त्या त्यामुळेच. एसएमपीएसच्या आत वीज गाळणारे कपॅसिटर असतात, त्यांना जमिनीचा रस्ता मिळाला नाही की सगळा पत्रा अधांतरी राहतो आणि मीटरवर शंभराच्या आसपास व्होल्ट दाखवतो. करंट अगदी थोडा असतो, पण यूएसबी, एचडीएमआय लावता-काढताना तोच पोर्ट उडवतो. मशिन आणण्याच्या आधी वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्ट आहेत ते मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत हवेत. अर्थिंग नसेल तर महागडा स्पाइक गार्डही निम्म्या कामाचा, त्याला जादा व्होल्टेज ढकलायला जागाच नसते.

यूपीएस या ६० हजारांत बसत नाही, पण पुढची खरेदी मॉनिटरच्याही आधी तीच करा. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. आपलं मशिन गेममध्ये अडीचशेच्या वर, त्यात मॉनिटर. काठावर येतं, आणि बॅटरी वर्षभर जुनी झाली की वीज गेल्याक्षणी यूपीएसही बसतो. १००० व्हीएच्या आसपासचा घ्या. त्यावर मॅच पूर्ण करायची नाही, सेव्ह करून बंद करायचं.

कॅबिनेटला तीन हजार म्हटलेत, त्यात पुढची बाजू जाळीची हवी, एवढीच माझी अट. समोर काच आणि आत रंगीत दिवे असलेले डबे दिसतात छान, पण हवा घ्यायला दोन्ही कडांना बोटभर फट. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये खोलीतच ४० अंश असतात, कार्डाला त्याच हवेने थंड व्हायचंय. पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा, बस. टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नका. धूळ दोन महिन्यांनी ब्लोअरने काढा, पण काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

कात्री कुठे लावायची याचा क्रम सांगून ठेवतो, कारण दुकानात उभं राहिल्यावर डोकं चालत नाही. रॅम-एसएसडी १२ हजारांत बसली नाही तर आधी कॅबिनेट दोन हजारांवर आणा. मग बोर्ड बी५५०वरून ए५२०वर. मग प्रोसेसर ५६००वरून ५५००वर, किंवा आय३-१२१००एफ आणि एच६१० बोर्ड, दोन्हीपैकी जे एकत्र स्वस्त पडेल ते. कार्ड शेवटी. एसएमपीएसला हात लावायचा नाही.

सेकंड हँड कार्ड घेऊ का, हेही विचारलंत. घेता येईल, पण समोर बसून अर्धा तास गेम चालवून दाखवणाऱ्याकडूनच. लोक मायनिंगच्या (क्रिप्टो चलन मिळवायला सतत चालवलेल्या) कार्डांना घाबरतात. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२मध्ये बंद झालं, तेव्हाची जी कार्डं मरायची होती ती एव्हाना मेली. माझी भीती दुरुस्त केलेल्या आणि बायोस बदलून मोठ्या नावाने खपवलेल्या कार्डांची आहे. पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) घेऊन जा, नाव आणि शेडरचा, म्हणजे कार्डातल्या कोअरचा, आकडा जुळवा, मागचे स्क्रू उघडल्याच्या खुणा बघा. आरएक्स ५८० कितीही स्वस्त असलं तरी आता नको. एएमडीने २०२३पासून त्या पिढीला नव्या ड्रायव्हरांच्या मुख्य रांगेतून बाजूला काढलंय.

खरेदी कुठून, तर मुंबईत ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड, पुणे किंवा ऑनलाइन, तिन्हीकडचे भाव विचारा, पण एसएमपीएस आणि बोर्ड शक्यतो जवळच्या शहरातून घ्या. परत द्यायची वेळ याच दोघांची जास्त येते आणि कुरिअरने पाठवण्यात आठवडे जातात. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. ‘बिल नको असेल तर हजार कमी’ असं कुणी म्हणालं तर ते हजार म्हणजे तुमची तीन वर्षांची वॉरंटी आहे.

जोडणी स्वतःच करा, अवघड नाही. चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. बोर्डाची मागची पत्र्याची पट्टी बोर्डाच्या आधी कॅबिनेटमध्ये बसवा. चार स्लॉट असतील तर रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. प्रोसेसरची ८ पिन आणि कार्डाची ८ पिन दिसायला सारख्या असतात, जोर लावून बसवू नका, केबलवर लिहिलेलं वाचा. मॉनिटरची केबल कार्डाला लावा. बोर्डाच्या एचडीएमआयला लावून ‘काहीच दिसत नाही’ असे फोन मला दर महिन्याला येतात. सुरू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२००ची रॅम २१३३ किंवा २६६६वर चालत राहील आणि तुम्हाला कळणारही नाही. तिथेच टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू आहेत ना बघा, व्हॅलोरंटसाठी. सिक्युअर बूटला विंडोज यूईएफआय (बायोसच्या नव्या) पद्धतीने टाकलेलं लागतं, म्हणून हे विंडोज टाकायच्या आधी करा. विंडोज जुन्या पद्धतीने टाकलं गेलं, तर नंतर ते बदलायची कटकट होते.